काळ्या मातीतलं लॉन: आधी जमीन, मग गवत

लॉन पिवळं पडलं की बहुतेक घरांत आधी युरिया येतो, मग रोजचं पाणी वाढतं. आठ-दहा दिवस हिरवेपणा टिकतो आणि पुन्हा तीच अवस्था. दोष पात्यात नसतो, खाली असतो. मुळांना शिरायला जागाच नसते. म्हणून खताची पिशवी फोडण्याआधी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तो लॉनमध्ये नुसत्या हाताने दाबून पाहा. सहा इंच सहज गेला तर जमीन ठीक आहे. दोन-तीन इंचांवर अडला तर मुळंही तिथेच अडलेली असतात. एकाच जागी पाहून थांबू नका: फाटकापासूनची पायवाट, नळाची जागा, गाडी वळते ती कड, सगळीकडे टोचून बघा.

मग खुरप्याने चार इंच खोल एक चौकोनी तुकडा कापून काढा आणि बाजूने न्याहाळा. वर हिरवं पातं, त्याखाली वाळक्या तपकिरी काड्यांचा थर, त्याखाली माती आणि मुळं दिसतील. या वाळक्या थराला माळी लोक थॅच म्हणतात. तो अर्ध्या इंचापर्यंत असला तर हरकत नाही, उलट ओल धरून ठेवतो. त्याहून जाड झाला की पाणी आणि खत त्यातच मुरतं, मातीपर्यंत पोचत नाही, आणि गवत मातीऐवजी त्या थरातच मुळं सोडायला लागतं. असं लॉन एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत करपतं. मुळं पांढरी आणि चार इंच खोल असतील तर उत्तम. तपकिरी, आखूड आणि कुबट वासाची असतील तर खाली पाणी साचतंय.

भर दुपारी एखादाच ठिपका सगळ्यात आधी सुकत असेल तर तिथे खणून बघा. बंगल्याच्या लॉनखाली बांधकामाचा राडारोडा निघणं नेहमीचंच आहे. विटांचे तुकडे आणि प्लास्टरचे पापुद्रे काढून जागा भरल्याशिवाय तिथे कितीही पाणी घातलं तरी उपयोग नाही.

आपलं गवत कोणतं?

महाराष्ट्रातल्या घरांपुढे साधारण तीन प्रकार दिसतात. हरळी, म्हणजे दूर्वाच, आणि तिचाच निवडलेला प्रकार ‘सिलेक्शन नंबर १’ हे ऊन, तुडवणं आणि पाण्याची ओढ सोसतात, जखम झाली तरी लवकर भरून काढतात. पण सावली मुळीच चालत नाही, रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. दुसरं म्हणजे नर्सरीत कोरियन किंवा मेक्सिकन नावाने मिळणारं बारीक, मऊ पात्याचं गवत. दिसायला देखणं, पण वाढ अगदी संथ. मुलं खेळणार असतील तर ते लावू नये, एकदा उखडलं की भरायला अख्खा हंगाम जातो. न कापता सोडलं तर त्याचे उंचवटे होतात आणि आतून ते कुजतं. तिसरं रुंद पात्याचं कार्पेट गवत, जे अर्धवट सावलीत तग धरतं पण पाणी जास्त मागतं. आंब्याच्या किंवा जांभळाच्या दाट सावलीत मात्र कुठलंच लॉन धरत नाही. तिथे दरवर्षी नवं लॉन अंथरण्यापेक्षा सावलीत वाढणारी दुसरी झाडं लावावीत.

मे-अखेरची मोठी दुरुस्ती

पुणे, नाशिकपासून मराठवाडा-विदर्भापर्यंत याची योग्य वेळ मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला पंधरवडा. आपली लॉनची गवतं उष्ण हवेतली आहेत; गरम जमीन आणि पावसाची ओल एकत्र मिळाली की ती झपाट्याने पसरतात. हेच काम डिसेंबरात केलं तर उघडी पडलेली जमीन फेब्रुवारीपर्यंत तशीच राहते आणि तिथे तण घुसतं. कोकण-गोव्यात जूनच्या धारांनी वर टाकलेला थर वाहून जातो, म्हणून तिथे सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबर बरा.

पुढची मापं ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना दिली आहेत.

आधी गवत उतरवा, पण एका दमात नाही. आठवडाभराच्या अंतराने दोन वेळा कापून हरळी पाऊण इंचावर आणा. मग लोखंडी दाताळं उभं आणि आडवं ओढून थॅच बाहेर काढा. ढीगच्या ढीग निघेल आणि लॉन भकास दिसेल. हरळीला त्याने काही होत नाही, कारण तिच्या काड्या जमिनीखालूनही फुटतात. कोरियन मात्र इतकं खरडू नका. त्याचे उंचवटे कात्रीने उतरवा आणि दाताळं हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा.

आता भोकं पाडायची. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. जमीन ओलसर हवी, चिखल नको. चिखलात काटा घातला तर भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात आणि मुळं त्यातून जात नाहीत. बागेचा चार दातांचा काटा चार इंच खोल घालायचा, किंचित मागे रेलायचा, बाहेर काढायचा, चार इंच सरकून पुन्हा तेच. पोकळ दातांचा काटा भाड्याने मिळाला तर काळ्या मातीत तो जास्त चांगला, कारण तो माती बाजूला दाबण्याऐवजी गुल्ल्या बाहेर काढतो. लॉनमधलं सगळ्यात कष्टाचं काम हेच आहे, आणि सगळ्यात जास्त फरकही यानेच पडतो. वेळ कमी असेल तर बाकी काही सोडा, हे सोडू नका.

मग वरून भर द्यायची. दोन भाग वाळू, एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत. पाव इंच थरासाठी ब्रासला साधारण दोन घनफूट माल लागतो. सिमेंटच्या एका पोत्यात सव्वा घनफूट मावतं, तेव्हा ५०० चौरस फुटांच्या लॉनला आठ पोती पुरतात: चार वाळूची, दोन मातीची, दोन खताची. थर टाकून खराट्याने झाडत भोकांत उतरवा. शेवटी पात्यांची टोकं वर दिसलीच पाहिजेत, गाडलेलं पातं पिवळं पडून मरतं.

वाळू निवडताना घाई नको. दगडाची भुकटी असलेली क्रश सँड ओली होऊन घट्ट बसते आणि पाडलेली भोकं पुन्हा बुजतात. धुतलेली प्लास्टरची वाळू घ्या. ती वाळू काळ्या मातीत कुदळून मिसळण्याचा मोहही टाळा. थोड्या वाळूने काळी माती मोकळी होत नाही, उलट वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमातीने भरतात आणि जमीन आणखी आवळते. वाळूची जागा भोकात आणि वरच्या थरात. लाल माती कुठून येते तेही पाहा, तिच्यातूनच लव्हाळा या तणाच्या गाठी घरात शिरतात. ढिगातून चार मुठी काढून चाळा. काळ्या, कडक, शेंगदाण्याहून लहान गाठी दिसल्या तर तो ट्रक परत पाठवा.

या वेळी ब्रासला १०० ग्रॅम १०:२६:२६ खत फेकून पाणी द्या. तीन आठवड्यांत हिरवळ धरायला लागते.

उघड्या ठिपक्यांवर चार इंच माती मोकळी करा, वरचंच मिश्रण भरा आणि हरळीच्या कांड्या तीन-तीन इंचांवर टोचा. दोन डोळे मातीत, एक वर. फळी ठेवून पायाने दाबा, कारण कांडीभोवती हवा राहिली तर ती सुकते. पहिले दहा-बारा दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी. अडीच इंच उंची झाली की पहिली कापणी.

कापणी

एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. हरळी सव्वा ते दीड इंच, कोरियन एक इंच, कार्पेट दोन इंच ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, जोरात वाढ असेल तर दोनदा, थंडीत महिन्यातून एकदा-दोनदा पुरतं. गणपतीत पाहुणे येणार म्हणून महिनाभर वाढलेलं गवत एकाच दिवशी जमिनीसरशी कापलं की खाली पिवळ्या काड्याच उरतात, हिरवं पातं सगळं वर निघून गेलेलं असतं. तिथून सावरायला दोन-तीन आठवडे जातात. वाढ हाताबाहेर गेली असेल तर चार-चार दिवसांनी थोडं थोडं उतरवा.

कापल्यावर दुसऱ्या दिवशी एक पातं डोळ्याजवळ धरून बघा. टोक सरळ कापलेलं असेल तर मशीनची धार ठीक आहे. टोकाला पांढरट धागे लोंबत असतील तर मशीनची पाती बोथट आहेत, गवत कापलं न जाता फाटतंय. अख्खं लॉन लांबून राखाडी दिसतं ते त्यामुळे, आणि लोक त्यालाही युरियाच देतात.

पाणी

रोज संध्याकाळी पाइप धरून दहा मिनिटं शिंपडणं ही लॉनची सगळ्यात वाईट सवय. त्याने वरचा अर्धा इंच भिजतो, मुळं वरच राहतात, रात्रभर ओल्या पात्यावर बुरशी येते आणि लव्हाळ्याला हवं ते मिळतं. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण ३५ मिलिमीटर, हिवाळ्यात १५ मिलिमीटर पाणी धरा. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, आणि एक ब्रास म्हणजे ९.३ चौरस मीटर. म्हणजे एका वेळी १२ मिलिमीटर द्यायचं तर ब्रासला सुमारे ११० लिटर लागतात. उन्हाळ्यात असं आठवड्यातून तीनदा, पहाटे किंवा सकाळी आठच्या आत.

आपला स्प्रिंकलर किती वेळात १२ मिलिमीटर देतो हे कळायला सपाट तळाचे चार डबे लॉनवर ठेवा आणि घड्याळ लावा. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं. वाहायला लागलं की बंद करा, अर्ध्या तासाने उरलेलं द्या. गवताची पाती मिटून निळसर दिसायला लागली आणि पावलांचे ठसे तसेच राहिले की पाण्याची वेळ झाली असं समजा.

खत आणि पिवळेपणा

जून ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-अखेरपासून दर पाच-सहा आठवड्यांनी ब्रासला ५० ग्रॅम युरिया पुरे. तो पाचपट कोरड्या वाळूत मिसळा, अर्धा उभ्या चालीने आणि अर्धा आडव्या चालीने फेका. पानं कोरडी असताना टाका आणि लगेच पाणी द्या. नुसती मूठ फेकली तर जिथे दाणे साचतात तिथे तीन दिवसांत करपलेले डाग उठतात.

आधी पिवळेपणा कुठे आहे ते पाहा. खालची, जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, आणि काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हे फार आढळतं. लोह जमिनीत असतं पण गवताला घेता येत नाही. अशा वेळी युरिया टाकला तर वाढ होते आणि पिवळेपणा आणखी पसरतो. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशी आणि कोटा दगडाच्या लाद्या आधी झाका, हिराकसाचे गंजाचे डाग निघत नाहीत. कोकणातल्या जांभ्या मातीत गोष्ट उलटी आहे. तिथे माती आम्ल असते आणि खत पावसाबरोबर झिरपून जातं, म्हणून तिथे माती तपासून चुना, आणि खत थोडं थोडं पण वारंवार.

गोल, करपलेला डाग आणि त्याभोवती गडद हिरवं कडं दिसलं तर ते बहुधा कुत्र्याच्या लघवीचं. तिथे बादलीभर पाणी ओता, ताजं असेल तर गवत वाचतं.

लव्हाळा आणि हुमणी

लव्हाळा वरून उपटला की पात मोडते आणि खालची गाठ जागी होऊन दोन फुटवे देते. पावसाने माती मऊ झाल्यावर अरुंद खुरपं सहा-आठ इंच खोल घालून गाठीसकट काढा आणि कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नको. दर आठवड्याला नवी पात दिसताच काढत राहिलात तर गाठीतला साठा संपतो, पण त्याला दोन पावसाळे लागतात. लॉन दाट आणि दीड इंच उंच असेल तर लव्हाळ्याला ऊन मिळत नाही. ग्लायफोसेट लव्हाळ्यासकट हरळीही मारतं, म्हणून लॉनवर ते फवारू नये.

हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीची, गोष्ट वळवाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर सुरू होते. तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. तेव्हाच फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकले तर पुढचं अर्धं काम वाचतं. अळ्या जुलै ते ऑक्टोबर मुळं खातात. ऑगस्टमध्ये भर पावसात गवत सुकायला लागलं, साळुंक्या एकाच जागी उकरत असल्या, आणि गवत ओढल्यावर सतरंजीसारखं गुंडाळत आलं, तर एक फूट बाय एक फूट तुकडा उचलून मोजा. पाचपेक्षा जास्त पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या असतील तर उपाय करायलाच हवा. ब्रासला २० ग्रॅम मेटारायझियम पावडर दोन किलो ओलसर शेणखतात मिसळून संध्याकाळी पसरा आणि पाणी द्या. ही बुरशी अळीला मारते, पण तिला ओल लागते आणि उन्हात ती मरते. मोठ्या झालेल्या अळ्यांवर ती कमी चालते, म्हणून पुढच्या वर्षापासून ती जून-जुलैतच टाकावी.

पावसाळ्यात गवतावर सकाळी कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा तंतू आणि रुपयाएवढे वाळके ठिपके दिसले तर ती बुरशी. युरिया थांबवा, संध्याकाळचं पाणी बंद करा, आणि सकाळी बांबूची लांब काठी लॉनवरून फिरवून दव झाडा. पाणी साचत असेल तर कडेने सहा इंच खोल चर काढून ते बाहेर काढा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांखाली गेल्या की हरळी तांबूस पडते. ते आजारपण नाही. त्या दोन महिन्यांत खत देऊ नका, दर दहा-बारा दिवसांनी एकदा पाणी द्या, आणि मशीनची पाती धार लावायला पाठवा.