एकात्म की संघराज्य, हे कसे ओळखावे?

एखाद्या देशात प्रांतिक विधिमंडळ दिसले, की ते संघराज्य असे लिहून मोकळे होऊ नये, कारण अशी विधिमंडळे एकात्म देशांतही असतात. पाहायचे ते हे की, प्रांताचे अधिकार राज्यघटनेने दिले आहेत की मध्यवर्ती संसदेच्या साध्या कायद्याने, आणि ते काढून घ्यायचे झाल्यास प्रांतांना विचारावे लागते का. अधिकार घटनेने दिलेले असतील आणि प्रांतांना विचारल्याशिवाय काढता येत नसतील, तर ते संघराज्य; मध्यवर्ती संसद ते एकटीच काढून घेऊ शकत असेल, तर देश एकात्म.

ब्रिटनला ही कसोटी लावून पाहा. १९९८ च्या कायद्याने स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली आणि शिक्षण, आरोग्य असे विषय तिच्याकडे गेले. तरी स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेचा, अधिकार अबाधित असल्याचे त्याच कायद्यात नमूद आहे. हे कलम केवळ शोभेचे म्हणावे, तर उत्तर आयर्लंडचे उदाहरण आहे : १९२१ पासूनचे तिथले विधिमंडळ लंडनने १९७२ मध्ये स्थगित केले आणि १९७३ मध्ये रद्दच केले. अमेरिकेत हे शक्य नाही, कारण घटनादुरुस्तीला ५० पैकी ३८ घटकराज्यांची मान्यता लागते.

त्यानंतर शेषाधिकार, म्हणजे कोणत्याच यादीत नसलेले विषय, कोणाकडे आहेत ते पाहावे. अमेरिकेत ते घटकराज्यांकडे आणि भारतात केंद्राकडे आहेत. ही कसोटी दुय्यम असली, तरी संघराज्यात पारडे कोणीकडे झुकते ते तिच्यावरून कळते.

भारताच्या बाबतीत मात्र घाई करू नये. कलम ३ नुसार संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा बदलू शकते; राज्य विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरीही संसदेने ते मंजूर केले आणि तेलंगण अस्तित्वात आले. इथवर वाचून कोणी भारताला एकात्म म्हणेल, तर त्याने घटनादुरुस्तीचे कलम ३६८ उघडावे. राज्याचा नकाशा केंद्राच्या हाती असला, तरी केंद्र व राज्ये यांच्यात विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूची, राज्यसूची व समवर्ती (दोघांच्या सामायिक विषयांची) सूची यांत फेरफार करायचा, तर संसदेतील विशेष बहुमताखेरीज किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थन, म्हणजे मान्यता, लागते. वस्तू व सेवा करासाठीची २०१६ ची १०१ वी घटनादुरुस्ती याच वाटेने गेली.