सापाला हात न लावता सापाच्या रक्ताचा अभ्यास

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षी मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनची उत्क्रांती हा विषय प्रकल्पाला घेतला. घरी सांगितल्यावर आण्णांनी पहिलं विचारलं, "साप धरायला शिकवतात का रे तिकडं?" परभणीकडचं आमचं गाव, कापूस वेचताना साप निघतोच, त्यामुळं त्यांची काळजी रास्त होती.

पण या कामात मी एकाही सापाला हात लावलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, परवानगीशिवाय घोरपड किंवा नाग धरता येत नाही. आणि तशी गरजही पडत नाही. ग्रीन अनोल सरड्याचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा अक्षरक्रम, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आपल्या भारतीय नागाचा २०२० मध्ये. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या जनुक-माहितीच्या साठ्यातून हे क्रम कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. मी ते संभाजीनगरच्या वसतिगृहात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतले. क्रम जुळवायला आणि त्यावरून नात्यांचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढायला लागणारं मेगा हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. प्रयोगशाळा नाही म्हणून कुणी हा विषय सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

मला या विषयात ओढलं ते मगरीनं. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांत एटीपीसारखा फॉस्फेट रेणू त्याला चिकटतो आणि ऑक्सिजन सोडायला लावतो. मगरीत हे काम बायकार्बोनेट करतं. मगर पाण्याखाली दम धरून बसली की कार्बन डायऑक्साइड साचतो, त्याचं बायकार्बोनेट होतं आणि तेच हिमोग्लोबिनकडून उरलेला ऑक्सिजन सोडवून घेतं. १९९५ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अवघी १२ अमिनो आम्लं (साखळीचे मणी) बदलून हा गुण त्यात उतरवला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण नवीन येणारा प्रत्येक जण इथंच अडकतो. 'हिमोग्लोबिन अल्फा' असा शोध घेतला आणि जे पहिलं दिसलं ते प्रत्येक प्राण्याचं उचललं. झाड काढलं तर कासव आणि कोंबडी एका फांदीवर, आणि पक्ष्यांची खरी जवळची नातलग मगर लांब, अजगर-सरड्यांच्या बाजूला. मला वाटलं, काहीतरी मोठं हाती लागलं. दोन दिवस खपून अहवालाची चार पानं लिहिली. मार्गदर्शक मॅडमनी झाडाकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, हे प्राण्यांचं झाड नाही. जनुकांचं आहे."

झालं होतं असं. अल्फा जनुकाची फार पूर्वीच, चार पायांच्या प्राण्यांच्या शाखा फुटायच्या आधी, दुप्पट झाली. त्यातून अल्फा-ए आणि अल्फा-डी अशा वेगळ्या पात्या पडल्या. भावकीत असतं तसंच हे. थोरल्या पातीतला एक आणि धाकट्या पातीतला एक घेऊन "हे सख्खे भाऊ" म्हटलं तर वंशावळ चुकणारच. कोंबडीचं आणि कासवाचं मी अल्फा-डी घेतलं होतं, बाकीच्यांचं अल्फा-ए. मगरीच्या रक्तात तर हिमोग्लोबिन-डी, म्हणजे अल्फा-डी साखळीचं हिमोग्लोबिन, सापडतच नाही.

तेव्हापासून नावावर विश्वास ठेवत नाही. जनुक गुणसूत्रावर कुठं बसलंय ते बघतो. कोंबडीत ओळ ठरलेली आहे: आधी गर्भावस्थेतलं, मग अल्फा-डी, मग अल्फा-ए. शंका आली की कोंबडीची दोन्ही ओळखीची जनुकं झाडात घालतो. नवा क्रम कुणाशेजारी बसतो त्यावरून पाती कळते.

दुसरी बारीक गोष्ट क्रमांकांची. पुस्तकात अल्फा साखळी १४१ अमिनो आम्लांची असते, साठ्यातल्या फाइलमध्ये १४२ दिसतात. सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल नंतर छाटलं जातं, पण फाइलमध्ये ते मोजलेलं असतं. म्हणून लोहाजवळची हिस्टिडिन नावाची दोन अमिनो आम्लं पुस्तकात ५८ आणि ८७ वर, तर फाइलमध्ये ५९ आणि ८८ वर. क्रम जुळवल्यावर आधी हे दोन रकाने बघा. बहुतेक प्राण्यांत तिथं हिस्टिडिनच दिसतं. नसेल तर आधी जुळवणी तपासा.

पुढच्या वाटेबद्दल थोडक्यात. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेचा जीवशास्त्राचा पेपर द्या, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ला पैशाची ओढाताण होत नाही. लिनक्स आणि पायथन एम.एस्सी.लाच शिकून घ्या, नंतर वेळ मिळत नाही. उन्हाळी प्रकल्पासाठी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेला अर्ज करा. परभणी-नांदेडवरून थेट गाडी आहे, पुण्यामुंबईइतका तो खर्च जिवावर येत नाही.

सुरुवात करायची असेल तर पक्ष्यापासून करा. वंशावळीनं पक्षीही सरपटणाऱ्यांच्याच शाखेतले. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात, हिमालय ओलांडून आलेले. त्यांचं अल्फा-ए आणि मैदानी ग्रेलॅग हंसाचं अल्फा-ए शेजारी ठेवा आणि ११९ व्या जागेवर या, म्हणजे फाइलमध्ये १२० व्या. ग्रेलॅगमध्ये तिथं प्रोलिन दिसेल, पट्टकादंबात अ‍ॅलानिन. एवढ्या बदलानं अल्फा आणि बीटा साखळीमधली एक पकड सैल होते आणि विरळ हवेतही हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं. हा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग नागाची फाइल उघडा.