गडाखालच्या गावाचा इतिहास कसा गोळा करायचा

गडाबद्दल लिहिलेलं पुष्कळ सापडतं, पायथ्याच्या गावाबद्दल जवळजवळ काहीच नाही. खरं तर गड चालायचा तो गावाच्या जिवावर. पहारेकरी, दाणागोटा, सरपण, सगळं खालूनच वर चढायचं. म्हणून आधी गड नको, तलाठ्याकडे चला.

गावनकाशा आणि सातबाऱ्याचे उतारे घ्या. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. पागा, बाजारमाळ, मेट असं नाव दिसलं की नकाशावर खूण करा. मेट म्हणजे गडाच्या उतारावरची पहाऱ्याची वस्ती, घेरा म्हणजे गडाभोवतालचा त्याचा मुलूख. घेरा सिंहगड, मेटघर किल्ला या गावांच्या नावांत ते आजही टिकून आहे. रकाना कोरा असेल तर जुन्या माणसांना शेतात घेऊन जा. ओसरीवर न आठवलेलं नाव बांधावर उभं राहिलं की आठवतं.

मग कागद. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत, बहुतेक मोडी लिपीत. तिथे आजचा तालुका सांगून भागत नाही, त्या काळचा परगणा आणि तर्फ, म्हणजे तेव्हाचे महसुली विभाग लागतात. गडाचं दुसरं नावही हाताशी ठेवा: सिंहगडाचं कोंढाणा, तोरण्याचं प्रचंडगड, रायगडाचं रायरी.

सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. जुन्या कागदांत शुहूर सन नावाची कालगणना असते, तिचं साल अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहितात. ‘सन सीत अर्बैन अलफ’ म्हणजे ६ + ४० + १०००, शुहूर सन १०४६. हा सन मृगाला बदलतो. म्हणून इसवी सन काढताना कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवा, म्हणजे १६४५. जानेवारी ते मेमधला असेल तर ६००, म्हणजे १६४६. ‘अर्बा’ म्हणजे ४ आणि ‘अर्बैन’ म्हणजे ४०. घाईत एकाचं दुसरं वाचलं की ३६ वर्षांचा घोळ होतो. शालिवाहन शकात ७८ मिळवतात, पौषाच्या पुढे बहुधा ७९. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक वेगळा, तो १६७४ च्या ज्येष्ठात सुरू होतो. शकाचा आकडा फार लहान दिसला तर तो हाच का, ते आधी तपासा.

आता गडावर या, आणि पाण्याची टाकी मोजा. गडावर किती माणसं राहू शकत होती याचा अंदाज तटबंदीपेक्षा टाक्यांवरून चांगला बांधता येतो. ६ मीटर लांब, ४ रुंद आणि ३ खोल टाक्यात ७२,००० लिटर पाणी मावतं. माणशी रोज १० लिटर धरून पावसाळा सोडून २४० दिवस काढायचे, तर एवढं पाणी ३० माणसांना पुरेल. बाष्पीभवन आणि झिरपा धरला तर त्याहूनही कमी. काठी टेकते तो तळ नसतो, बहुधा गाळ असतो. तेव्हा मिळालेली खोली ‘किमान’ म्हणून लिहा.

शिलालेख किंवा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड) दिसला तर खडू, तेल, शेंदूर काही लावू नका, तारेचा ब्रश तर नकोच. खरवडलेलं अक्षर परत येत नाही. दगडावर साधं पाणी शिंपडा आणि अंधार पडताना टॉर्च एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. सपाट वाटणाऱ्या दगडावर सावलीतून एकेक अक्षर वर येतं. फोटोत मोजपट्टी ठेवा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा, आणि दगड जागचा हलवू नका. जीर्णोद्धारात वीरगळांवर ऑइल पेंट फासला जातो, तेव्हा काम निघण्याआधीच फोटो काढून ठेवलेले बरे.

आडनावं आणि भावक्या शेवटी घ्या. १८१८ नंतर इंग्रजांच्या मुलखात गडांची शिबंदी, म्हणजे तिथली फौज मोडली आणि वरची घरं खाली आली. कोल्हापूर संस्थानात मात्र गडकरी, म्हणजे गड राखणारे वंशपरंपरागत शिपाई राहिले. त्यांच्या जमिनींच्या व्यवस्थेत हात घातला गेला तेव्हा १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगडाचे गडकरी उठले. म्हणून आपलं गाव कुणाच्या अमलात होतं हे ठरवल्याशिवाय ‘गडावरून खाली आलो’ या आठवणीला साल चिकटवू नका.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे कागद, दगड किंवा तोंडी असा शब्द लिहा. गडावरून गावात येणारं भुयार गावोगाव सांगतात. तेही लिहून घ्या, पुढे ‘तोंडी’ असं लिहून.