क्रिकेटच्या हाताला बेसबॉलची बॅट शिकवताना

जळगाव-धुळ्याकडची पोरं बेसबॉलला येतात तोवर त्यांच्या हातात क्रिकेट पुरतं मुरलेलं असतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय मोडायचं, हे बॅटिंग कोचने आधी ठरवावं. बॉलवर खिळलेली नजर आणि स्थिर डोकं ही फुकटात मिळालेली कमाई आहे, तिला हात लावू नये. उभी बॅट, पुढे काढलेलं कोपर आणि चेंडू जमिनीलगत ढकलायची सवय मात्र जायला हवी. ती बोलून जात नाही. सरावाची मांडणी अशी करायची की जुनी सवय तिथे चालणारच नाही.

सुरुवात बॅटपासून. शाळेच्या किटमध्ये बहुधा मोठ्यांची ३३ इंची बॅट असते आणि सगळा संघ तीच फिरवतो. १४०-१५० सेंमी उंचीच्या मुलाला २८ ते ३० इंची, साधारण ५००-६०० ग्रॅमची बॅट पुरते. पारख सोपी आहे: मुलाने खालच्या हाताने बॅटची मूठ धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करावा. वीस सेकंदांच्या आत हात थरथरला तर बॅट जड आहे. जड बॅटचं टोक स्विंगमध्ये, म्हणजे बॅट फिरवताना, खाली पडतं, मग मुलगा खालून वर उचलून मारतो, आणि आपण उगाच त्याच्या खांद्याला दोष देत बसतो. दुसरी बॅट नसेल तर मूठ तीन-चार सेंमी वर धरायला लावा.

टी, म्हणजे बॉल वर ठेवून मारायचा उभा खांब, विकत आणायची गरज नाही. ठिबकवाल्यांच्या मुलखात पाइपचे तुकडे कुठेही मिळतात. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून त्यात ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप ५० सेंमी उभा करा. त्यात ५० मिमीचा पाइप सरकवा आणि उंचीसाठी दर दहा सेंमीवर भोक पाडून बोल्ट घाला. वरच्या टोकाला रेडिएटरच्या जुन्या रबरी होजचा दहा सेंमीचा तुकडा बसवा. तो विसरलात तर बॅट थेट पाइपवर आदळते, पाइप फुटतो, आणि मुलगा घाबरून बॉलच्या वरून मारू लागतो. समोर दुहेरी शेडनेट सैल टांगा. ताणून बांधलं तर बॉल उलटा अंगावर येतो.

बॉल कुठे ठेवायचा, यातच निम्मी शिकवणी आहे. मधला बॉल पुढच्या पावलाच्या रेषेत, अंगाजवळचा त्याच्याही पुढे, बाहेरचा मात्र मागे, प्लेटच्या (बॅटरजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या) मध्याजवळ. क्रिकेटची पोरं बॉल डोळ्यांखाली येऊ देतात आणि अंगाजवळच्या बॉलला उशीर करतात. त्यांना “लवकर मार” असं ओरडून सांगितलं तर ती घाईने फक्त हात फेकतात. टी पुढे सरकवा, कंबर आपोआप आधी फिरते.

हात अंगापासून लांब फेकले जात असतील तर जाळीसमोर उभं करा, पोट आणि जाळी यांच्यात एक बॅटभर अंतर. जाळीला न लागता स्विंग पूर्ण झाला पाहिजे. हे भिंतीसमोर करू नये, बॅटही जाते आणि मनगटही. पुढचा पाय बाहेर पळत असेल तर ती चूक पायाची नसते, बॉलची भीती असते. आठवडाभर टेनिस बॉलवर या, पाय जागेवर येतो.

एका वेळी एकच दुरुस्ती. दहा स्विंगमागे एक वाक्य पुरे, आणि तेही फेरी संपल्यावर. दिवसाला ६० ते ८० स्विंग झाले की थांबवा. थकलेला मुलगा चुकीचाच स्विंग पक्का करतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, तेव्हा सकाळी साडेआठच्या आत आवरा.

बहुतेक कोच जे टाळतात ते म्हणजे न मारण्याचा सराव. १४ मीटरवरून ताशी ८० किमी वेगाने टाकलेला बॉल ०.६ सेकंदात प्लेटवर येतो. स्विंगचा वेळ वजा केला तर ठरवायला जेमतेम ०.४ सेकंद उरतात. म्हणून रोज वीस पिच, म्हणजे पिचरने टाकलेले बॉल, नुसत्या बघायच्या. हेल्मेट घालून, बॅट खांद्यावर ठेवून, बॉल कॅचरच्या ग्लव्हमध्ये पडण्याआधी तो झोनमध्ये आहे का, ते “हो” किंवा “नाही” म्हणायचं. झोन म्हणजे ज्या चौकटीतला बॉल मारण्याजोगा मानतात ती; रुंदीला प्लेटएवढा, म्हणजे ४३ सेंमी. उंचीला गुडघ्याच्या खालपासून, खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्या मध्यापर्यंत. पहिल्या आठवड्यात वीसपैकी दहा-बारा उत्तरं चुकली तरी चालेल.

वहीत हिट, म्हणजे मारून बेस गाठल्याच्या वेळा, मोजू नका. किती बॉल कडक लागले आणि झोनबाहेरच्या किती बॉलवर बॅट फिरली, हे दोन आकडे लिहा. पालक क्रिकेटच्या हिशेबात “आउट झाला का?” विचारतात. त्यांना सांगा, अमेरिकन बेसबॉलपटू टेड विल्यम्सची सरासरी (बॅटिंगच्या दर संधीमागे हिट) १९४१ मध्ये .४०६ होती आणि त्यानंतर तिथल्या अमेरिकन किंवा नॅशनल या मुख्य लीगच्या पूर्ण मोसमात कोणी .४०० गाठलेली नाही. तोही दहात जवळपास सहा वेळा फसायचा. इथे आउट झालेला मुलगा त्याच सामन्यात पुन्हा दोन-तीनदा बॅट घेऊन येतो. तो परत येत असताना तंत्र समजावू नका. पिचरने काय टाकलं एवढंच विचारा आणि पुढच्या बॅटरला ऐकवा.