नव्या रंगाचा वास आला की थांबा

मी रंगारी. एकवीस वर्षं हातात ब्रश आहे. घर विकायचं ठरलं की मालक पहिला फोन मला करतो, दलालाचा नंबर नंतर. यात बहुतेक वेळा वावगं काही नसतं. पाहुणे येणार म्हटलं की आपणही घर झाडतोच. पण कधीकधी मालक एकाच भिंतीसमोर उभा राहतो, खालच्या आवाजात म्हणतो, "बाकीचं राहू दे, एवढी तेवढी घे." ती 'एवढी' भिंत घर बघायला आलेल्या माणसाने कशी शोधायची, ते सांगतो.

आधी माझंच एक काम सांगतो. बेडरूमची बाहेरच्या बाजूची भिंत, खालून गुडघ्यापर्यंत ओल, पोपडे सुटलेले. मी म्हणालो, आधी बाहेरून पाण्याचा बंदोबस्त करा, भिंत सुकू द्या, मग रंग. मालक म्हणाले, पुढच्या आठवड्यात लोक येताहेत. मी पोपडे खरवडले, डाग दाबणारा प्रायमर मारला, लांबी (म्हणजे पुट्टी) भरली, घासलं, रंगाचे दोन हात दिले. भिंत लोण्यासारखी दिसत होती. सात महिन्यांनी एका अनोळखी बाईंचा फोन आला, "भिंतीचा रंग सुटतोय, बघायला याल का?" पत्ता लिहून घेताना माझा हात थांबला. गेलो. ती भिंत मीच रंगवली होती हेही सांगितलं. त्यानंतर कुणी घर बघायला सोबत बोलावलं तर मी जातो आणि पैसे घेत नाही.

सोबत नेतो ते सामान खिशात मावतं: टॉर्च, एक नाणं, काचेची गोटी, पेन्सिल. पाणसळ, म्हणजे सपाटी मोजायचं साधन, फोनमध्ये असते.

घरात शिरल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा. या घरातली सगळ्यांत नवी गोष्ट कोणती? घर वीस वर्षांचं आणि एकाच खोलीला फॉल्स सीलिंग. बाकी भिंती साध्या आणि एकाच भिंतीला वॉलपेपर किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या. बेडरूममध्ये कमरेपर्यंत टाइल्स. सगळीकडे स्कर्टिंग (भिंतीच्या बुडाची टाइलची पट्टी) चार बोटं आणि एका भिंतीला वीतभर. हौस म्हणून कुणी असं करतही असेल, पण हौस सहसा दिवाणखान्यात करतात, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात नाही. जिथे नवेपणा एकटा पडलेला दिसेल तिथे वेळ घालवा. जमिनीलगतच्या भिंतीला टेकवलेलं कपाट असेल तर ते सरकवायची परवानगी मागा. भिंतीत ठोकलेलं असेल तर दार उघडून आत नाक घाला. डोळ्यांना फसवता येतं, बंद कपाटातल्या कुबट वासाला नाही.

आता टॉर्च. दिवसा, पडदे ओढून, भिंतीला जवळजवळ गाल लावून उभे राहा आणि टॉर्च भिंतीला समांतर धरा. समोरून सपाट दिसणारी भिंत अशा तिरप्या उजेडात सगळं बोलून दाखवते. रोलरने मारलेल्या जुन्या रंगावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड असते. मध्येच एखादा हातभर तुकडा गुळगुळीत दिसला तर तिथे लांबी भरून घासलं आहे. रंग तोच, डबाही तोच असला तरी नंतर मारलेला ठिगळाचा भाग बाजूने पाहिल्यावर वेगळा चमकतो. हे मला लपवता येत नाही, म्हणून इतरांनाही येत नसावं असं मी धरून चालतो.

ठिगळ सापडलं की लगेच घाबरू नका. खिळा काढलेल्या जागी, जुना स्विच हलवला त्या जागी ठिगळ असतंच. त्याचा आकार बघा आणि जागा बघा.

ओलीच्या बाबतीत तर आकारच सगळं सांगतो. जमिनीपासून वर चढलेला, साधारण मीटरभर उंचीला थांबलेला आडवा पट्टा असेल तर पाणी घराच्या पायातून वर येतंय. विटा आणि गिलावा ते टिपकागदासारखं ओढतात. भिंतीच्या मध्येच गोल किंवा थेंबाच्या आकाराचा डाग असेल तर आत पाइप आहे किंवा बाहेर भेग आहे. वरच्या कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीभोवती काळे ठिपके असतील तर बहुधा हवा खेळत नाही आणि थंड भिंतीवर वाफ बसते. हा सगळ्यांत सोपा प्रकार, खिडकी उघडून आणि पंखा बसवून तो पुष्कळदा आटोक्यात येतो. पहिला प्रकार मात्र भिंत उकरल्याशिवाय सुटत नाही.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर बोटावर घ्या आणि पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर क्षार, नाही विरघळली तर बहुधा बुरशी. भिंतीतून येणारं पाणी आपल्याबरोबर क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. नुसती भुकटी झाडून रंग दिला तर ती रंगाला आतून ढकलते, पापुद्रे त्यामुळेच सुटतात. काही जण ओल मोजायचं यंत्र घेऊन येतात. चांगली गोष्ट, पण क्षार असलेल्या भिंतीवर ते कोरडी जागाही ओली दाखवतं, हे लक्षात ठेवून आकडा वाचा.

छताकडे बघायला लोक विसरतात. पिवळट-तपकिरी कडा असलेला डाग दिसला तर त्याच्या कडा मोजा. एकात एक दोन-तीन रिंगणं असतील तर तिथे पाणी एकदाच आलं नाही, येऊन सुकलं आणि पुन्हा आलं. मग डोक्यावर काय आहे ते विचारा: गच्ची, टाकी की वरच्यांचं न्हाणीघर? गच्ची असेल तर वर जाच. कोरड्या दिवशीसुद्धा पाणी कुठे साचतं ते कळतं. साचून सुकलेल्या जागी मातीची कड उरते. उतार पाणी जायच्या तोंडाकडे हवा, मीटरमागे निदान एक सेंटिमीटर. कठड्याच्या बुडाशी भेग असेल, त्यातून रोपटं उगवलेलं असेल, तर खालच्या खोलीचं छत पुन्हा जाऊन बघा.

न्हाणीघरात आत शिरल्या शिरल्या नळ सोडा आणि तो चालू असताना पलीकडच्या खोलीत जा. न्हाणीघराची भिंत ज्या खोलीला लागून आहे, त्या भिंतीचं बूड हा घरातला सगळ्यांत बोलका कोपरा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत याचीच हजेरी जास्त. जाळीतून घाण वास येत असेल तर न्हाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातलं, पाणी सुकलं असेल. त्यातलं चार-पाच सेंटिमीटर पाणीच खालचा वास अडवतं. घर बरेच दिवस बंद असेल तर हे साहजिक आहे. एक तांब्या पाणी ओता, वास गेला पाहिजे. नाही गेला तर गोष्ट वेगळी. नाण्याने टाइल्सवर टकटक करा. भरीव आवाजात मध्येच पोकळ आवाज आला तर खालचा सिमेंटचा मसाला सुटलाय. एखाद-दुसरी टाइल पोकळ निघतेच, पण नळाखालची सगळी रांगच पोकळ वाजली तर खाली पाणी फिरत असावं.

पाण्याची आणखी एक साधी परीक्षा आहे. सगळे नळ बंद करा, मीटर असेल तर त्याचा आकडा लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा. कुणी पाणी वापरलं नाही तरी काटा सरकला तर कुठेतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका. पंधरा-वीस मिनिटांत साखळी न ओढता रंग खाली भांड्यात उतरला तर टाकी झिरपते. हे किरकोळ काम, यावरून घर नाकारू नका. पण सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर तांबूस पाणी आलं तर घरातले लोखंडी पाइप आतून गंजले असण्याची शक्यता आहे, आणि ते बदलायचे म्हणजे टाइल्स फोडणं आलं.

भेगांनी लोक उगाच घाबरतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे निवांत असतात. गिलाव्यावर जाळ्यासारख्या केसाएवढ्या चिरा म्हणजे गिलावा सुकताना आकसला, बस. तुळई आणि भिंत जिथे मिळतात तिथे आडवी सरळ रेघ असते. दोन वेगळ्या वस्तू उन्हाने वेगळ्या फुगतात, म्हणून ती येते आणि पुन्हा पुन्हा येते. मी ती दर रंगाला भरतो. पण दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला नाणं शिरेल एवढी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसणारी: इथे पाया बसतोय का, हे रंगाऱ्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं.

भेगेचं वय ओळखायची आमची युक्ती सांगतो. टॉर्च मारून भेगेच्या आतल्या कडा बघा. आत रंग उतरलेला असेल तर भेग रंगाआधीची. वरचा रंग कापला गेलाय आणि आतल्या कडा कोऱ्या आहेत, तर रंग दिल्यावर भिंत हलली. आणि रंगाचा वास अजून घरात असेल तर ती किती अलीकडे हलली ते तुम्हीच ताडा. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक खूण करून तारीख लिहायची परवानगी मागा, पंधरा दिवसांनी पुन्हा या. "हे कशाला?" असं विचारणं साहजिक आहे. त्यावर चिडणं साहजिक नाही.

स्लॅबच्या खालच्या बाजूला सरळ रेषेत जाणारी भेग किंवा तांबडा डाग दिसला तर आतली सळई गंजतेय. काँक्रीट चांगलं असेपर्यंत सळईला सांभाळतं. ओल आणि हवा आत शिरली की लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा मागतो. मग तो काँक्रीटलाच फोडतो आणि ढलपे पडतात. अशा छतावर नुसती लांबी भरलेली मी पाहिली आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा.

जमीन बघायला गोटी सोडा. एका जागी थोडी घरंगळली तर काही नाही. खोलीभर सगळीकडून एकाच कोपऱ्याकडे पळत असेल तर फोनची पाणसळ ठेवा. १ अंश म्हणजे मीटरमागे साधारण पावणेदोन सेंटिमीटर, तीन मीटरच्या खोलीत पाच सेंटिमीटरहून जास्त. दारं उघडून मध्येच सोडून द्या, आपोआप झुलतात का बघा. दाराची वरची कड एका बाजूला रंधून काढलेली असेल तर चौकट तिरकी झाली आहे. चौकटींचं बूड अंगठ्याने दाबा, नाण्याने वाजवा. पोकळ वाजलं आणि जवळ पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी भिंतीवर चढलेली दिसली तर वाळवी. अख्ख्या घरात एकाच चौकटीला नवा ऑइलपेंट असेल तर तिथे आधी.

विजेचं मला फार कळत नाही, पण एवढं करतो. जास्त वीज ओढणारं उपकरण लावून वीस मिनिटांनी स्विचबोर्डावर तळहात ठेवायचा, गरम लागता कामा नये. प्लगभोवती काळं-पिवळं झालंय का बघायचं. गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच असेल तर मालकाला विचारून त्याचं चाचणीचं बटण दाबायचं, खट्कन पडला पाहिजे. एका इलेक्ट्रिशियनने मला सांगितलं, ते बटण स्विच जिवंत आहे एवढंच सांगतं, घराला अर्थिंग आहे की नाही हे नाही. त्यासाठी वेगळा माणूस बोलवा.

दुसऱ्यांदा याल तेव्हा पाऊस पडून गेल्यावर या, आणि न कळवता नाही तर अगदी थोड्या वेळाच्या सूचनेने या. रात्री एकदा जिन्यात दहा मिनिटं उभे राहा: पंप, लिफ्ट, वरच्यांचा फ्लश. पहिल्या भेटीत सगळे पंखे भरधाव आणि घरभर सुगंधाचा फवारा असेल, तर दुसऱ्या भेटीत पंखे बंद करून खिडक्या लावायला सांगा आणि पाच मिनिटं नुसते बसा.

निघताना मालकाला सहज विचारा, "शेवटचा रंग कधी काढला?" उत्तर काय येतं याकडे मी फारसं लक्ष देत नाही. उत्तर देताना ते कुठल्या भिंतीकडे बघतात, ते बघतो.