पहिल्या मुलाखतीत ‘आत्ताच का?’ हे विचारा
थेरपीला नव्याने आलेल्या माणसासमोर लगेच फॉर्म सरकवू नका. आधी गोपनीयता आणि तिची मर्यादा सांगा: जिवाला धोका दिसला तर गप्प राहता येत नाही. हे नंतर कळलं की फसवल्यासारखं वाटतं. मग विचारा, ‘आत्ताच यावंसं का वाटलं?’ त्रास अनेकदा जुना असतो, पण दार ठोठवायला लावणारी घटना बहुधा ताजी असते. बोलण्याचा धागा तिथेच सापडतो. झोप, भूक, औषधं, व्यसन, आधीचे उपचार ओघात येतात. आत्महत्येच्या विचारांबद्दल मात्र आडवळणाने नको, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि शेवटची १० मिनिटं नवी जखम उघडायला नव्हे, सावरायला ठेवा.