ऑफिसमधलं वातावरण सुधारायचंय? या चुका टाळा

माणसं टिकत नाहीत म्हणून पुण्यातल्या कितीतरी ऑफिसांत टेबल टेनिसचं टेबल येतं, शुक्रवारी पिझ्झा येतो. त्यात वाईट काहीच नाही. पण रजेचा अर्ज चार दिवस लोंबकळत पडला असेल, तर त्या टेबलाने फरक पडत नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त बिनसतं ते रजेवरून. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचंय म्हणून कुणी एक दिवस मागतं आणि ग्रुपवर, सगळ्यांदेखत उत्तर येतं, "घरी दुसरं कुणी नाही का?" पुढच्या वेळी तोच माणूस खरं कारण सांगत नाही. सकाळी साडेआठला "ताप आलाय" असा मेसेज येतो आणि त्याचं काम कुणाकडे द्यायचं ते ठरवायलाही वेळ उरत नाही. हक्काच्या रजेची चौकशी करत बसू नका. त्या दिवशी काम कोण बघणार एवढं विचारा आणि संध्याकाळच्या आत हो किंवा नाही कळवा.

रस्त्याचा विचार न करता वेळा ठरवणं ही खास इथली चूक. हिंजवडीत साडेनऊची मीटिंग ठेवली की निम्मी टीम भूमकर चौकात अडकलेली असते, काहीजण तर दुचाकीवरूनच कॉलला जॉइन होतात. हे धोक्याचं आहे. मीटिंग अकराला घ्या. पालखीच्या आणि विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, तेव्हा घरून काम हे आधीच जाहीर करा. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत ती सोय नाही. तिथे निदान शिफ्टचा तक्ता आदल्या रात्री बदलू नका.

मीटिंगमध्ये सगळे गप्प असतील, तर शेवटी कोण बोललं होतं आणि त्याला काय ऐकावं लागलं, ते आठवून बघा.

2013 च्या कायद्याने 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे. भिंतीवरच्या यादीतली माणसं नोकरी सोडून गेली असतील, तर नव्या मुलीने जायचं कुणाकडे? यादी आजच तपासा. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील, तर कायद्याप्रमाणे पाळणाघराची सोयही हवी. आणि बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या आईला पहिल्याच आठवड्यात रात्री दहाचा क्लायंट कॉल देऊ नका.